माइकवर निघालेलं वाक्य

माझी मावशी एका नोकरीत मावत नाही आणि तिला त्याची लाजही वाटत नाही. सकाळी लाँड्रीत इस्त्री करायची, दुपारी बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायच्या आणि संध्याकाळी शिंप्याकडची काजं-बटणं घरी आणायची, असा तिचा दिवस. या सगळ्यात कादंबरी लिहिणं चालूच. हात कामात, डोकं कादंबरीत.

परवा त्यातूनच घोटाळा झाला. कादंबरीतली बाई घर सोडून निघाली होती. मावशीने माइक सुरू केला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," म्हणाली आणि पुढे गाडीऐवजी तोंडातून निघालं, "तिने बॅग उचलली आणि मागे वळूनही पाहिलं नाही." स्टँडवरच्या दोन-तीन बायकांनी खरंच बॅगा उचलल्या. साहेब खवळले. मावशी म्हणाली, "वाक्य चांगलंय साहेब, जागा चुकली." साहेबांनी तिला तिथल्या तिथे काढून टाकलं.

संध्याकाळी मामा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, तणतणत घरी आला. "एक ना धड, भाराभर चिंध्या. ते लिहिणं सोड आणि एका कामाला चिकटून राहा."

मावशी बटण लावत होती. तिने दाताने दोरा तोडला.

"दादा, आधी पाळणाघर सुटलं, मग छापखाना सुटला, आज स्टँड सुटलं. लिहिणं सुटलं का कधी?"

मावशीने पुढचं बटण उचललं.

"मग यातल्या चिंध्या कुठल्या नि कापड कुठलं, ते तूच सांग."