विहारातल्या पिंपळाची मुळं

विहाराच्या अंगणातला पहिला पिंपळ वळवाच्या वाऱ्यात आडवा झाला तेव्हा सगळ्यांनी वाऱ्याला दोष दिला. मी उघड्या पडलेल्या मुळांकडे बघत उभी होते. तीन वर्षं जमिनीत राहूनही ती गोल गोलच फिरली होती. लावताना प्लास्टिकची पिशवी काढली होती, पण मुळांनी पिशवीचा आकार सोडला नव्हता. तेव्हा मी कुणाला काही बोलले नाही. मी सहसा बोलत नाहीच.

त्या झाडाला शेजारच्या काकूंनी तीन उन्हाळे कळशीनं पाणी घातलं होतं. ते पडल्यावर त्या दोन रविवार वंदनेला आल्या नाहीत.

नवं रोप मी काम करते त्या नर्सरीतून आणायचं ठरलं. मी लहान घेऊ म्हटलं, तर शेळ्या खातील म्हणाले सगळे. म्हणून माझ्याएवढ्या उंचीचा पिंपळ निवडला. पिशवीत त्याला दोन वर्षं झाली होती. आत काय असणार, हे मला माहीत होतं.

पावसाळ्यात, वर्षावासातल्या एका रविवारी, वंदना झाल्यावर, सगळे खड्ड्याभोवती जमले. वडिलांनी रोप उचललं. "थांबा," मी म्हटलं. ते फक्त त्यांनाच ऐकू गेलं. मी पिशवी उभी कापली, मुळं टबातल्या पाण्यात बुडवली आणि बोटांनी माती सोडवायला लागले.

"अगं अगं, हुंडी फोडलीस की!" काकू ओरडल्या. मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, एवढं आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

मी छाटणीची कात्री काढली तसे एक आजोबा पुढं झाले. "बोधिवृक्षाला कात्री लावतीस व्हय, पोरी?"

"इंग्लिश शाळेत गेलीया न्हवं," मागून कुणीतरी म्हणालं. "तिथं झाडं उलटी लावत असतील."

सगळे हसले. माझे कान तापले. इंग्रजीत शिकलेलं मराठीत समजावून सांगायला मला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कुणी देत नाही. म्हणून मी रोप तसंच काकूंसमोर धरलं. करंगळीएवढं जाड एक मूळ बुंध्याला दोन वेढे घालून बसलं होतं.

"पडलेल्या झाडाचं असंच झालं होतं," मी म्हटलं. "जमिनीत गेलंच नाही ते. जी मुळं सरळ होतील ती सोडवते, होणार नाहीत ती कापते."

काकूंनी तो वेढा बोटांनी चाचपला. "आणि मेलं तर?"

"तर मला बोला."

"ते तर बोलणारच की!"

तीन ठिकाणी कापलं. खड्ड्यात मातीचा उंचवटा करून उरलेली मुळं त्यावर चारी बाजूंना पसरली. एक मूळ सारखं परत वळत होतं. वडील माती लोटेपर्यंत काकूंनी ते स्वतः दाबून धरलं.

आठवड्याभरात पानं पिवळी पडून गळाली. रोज कामावर जाताना मी विहारावरून जायची, तर काकू आधीच तिथं उभ्या असायच्या. त्या माझ्याकडे बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. आमच्या गल्लीत कुणी बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर असतं. मी नखानं साल जराशी खरवडून बघायची. आत हिरवं होतं. तरी रात्री आईनं विचारलं की मी "बघू" एवढंच म्हणायची.

तिसऱ्या आठवड्यात, मी डबा भरत असताना, रस्त्यावरून हाक आली. "अगं ये बाहेर! तांबडं फुटलंय!"

शेंड्याला नखाएवढी दोन पानं होती, तांबूस, ओली असल्यासारखी चकाकणारी. काकूंनी मला बघू दिलं आणि मग साऱ्या गल्लीला बोलावून आणलं.

महिन्याभरानं हुपरीकडचे काहीजण त्यांच्या विहारासाठी कुठलं रोप घ्यावं ते विचारायला आमच्या विहारात आले. मी तोंड उघडायच्या आत काकूंनी सुरुवात केली. "पावणं, रोप कुठलं बी घ्या, पर लावायच्या आधी मुळं हिला दाखवा." मग कुठलं मूळ सोडवायचं, कुठलं कापायचं, हे हातवारे करत सगळं सांगितलं. आजोबा शेजारी उभं राहून मान डोलवत होते. एकदोन गोष्टी काकूंनी जरा वाढवूनच सांगितल्या. मी मध्ये बोलले नाही. ऐकायला फार बरं वाटत होतं.