तिसऱ्या रविवारी दाराला कुलूप होतं

देवावर माझा विश्वास आहे, असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आले. पण गेल्या वर्षी एका आठवड्यात तो विश्वास किती पातळ आहे ते मला कळलं. स्वतःची लाज सांगायचीच तर पुरती सांगावी, म्हणून लिहायला बसले.

मी कोल्हापुरात घरीच शिलाईचं काम करते. आमचे हे फौंड्रीत आहेत. लग्नापासून भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. शेवटी एक छोटा फ्लॅट ठरवला. माझ्या पाटल्या मोडून इसार दिला. करारात लिहिलं होतं, अमुक शनिवारपर्यंत बँकेचं कर्ज मंजूर झालं नाही तर व्यवहार मोडला आणि इसारही गेला. सही करताना ते वाक्य साधं वाटलं. नंतर मात्र तेच वाक्य छातीवर येऊन बसलं.

बँकेतल्या मॅडमनी सांगितलं, कागद पुण्याला जातात, तिथं अंडररायटर म्हणून साहेब असतात, कर्ज द्यायचं की नाही ते तेच ठरवतात. त्यांना भेटता येत नाही, फोन करता येत नाही. ह्यांचा पगार कागदावर दिसत होता, पण माझ्याकडं शिवायला येणाऱ्या बायका ब्लाऊजचे पैसे हातात ठेवतात, त्याला कसला कागद? ज्याचं तोंड कधी दिसणार नाही असा माणूस आपल्या घराचं ठरवणार, या विचारानं माझं अन्नावरचं मन उडालं. मग मी जोतिबाला बोलले, पाच रविवार अनवाणी चालत येईन. आणि गल्लीत कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. काम व्हायच्या आधी बोभाटा केला की दृष्ट लागते, हे आमच्या आईनं शिकवलेलं.

तिसऱ्या रविवारी आम्ही दोघं डोंगरावरून संध्याकाळी परतलो. कपाळावर गुलाल होता, पाय सोलून निघालेले. शेजारच्या अक्का, मूळच्या गडहिंग्लजकडच्या, दारातच उभ्या होत्या. मोठ्या खुशीत म्हणाल्या, "वैनी, आज एक बॅगवाला आलता. तुमचं नाव घिऊन इचारत हुता. म्या सांगितलं, असल्या नावाचं कोण न्हाय हितं. समोरच्या दोघींनीबी तसंच सांगितलं. गेला की मुकाट!"

तो बँकेचा पडताळणीचा माणूस होता. माणूस दिलेल्या पत्त्यावर खरंच राहतो का, हे बघायला ते न सांगता येतात आणि शेजारीपाजारी विचारतात, हे मॅडमनी मला बजावून सांगितलं होतं. मी अक्कांवर ओरडणार होते. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण हा कायदा माझाच होता. आदल्या वर्षी वसुलीची माणसं गल्लीतल्या एका बाईच्या दारात येऊन रोज तमाशा करायची. तेव्हा मीच हातात कात्री घेऊन सगळ्यांना गोळा केलं होतं आणि ठणकावलं होतं, यापुढं कुणी बॅगवाला नाव विचारत आला तर गल्लीनं एकच सांगायचं, असं कोण राहत नाही. केवढा तोरा होता मला त्याचा! आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

सोमवारी सकाळी रडत रडतच बँकेत गेले. मॅडम म्हणाल्या, "तो बाहेरच्या एजन्सीचा माणूस, त्याचा रिपोर्ट थेट पुण्याला जातो. मला तो दिसत नाही. परत भेट द्या अशी विनंती टाकते, पण ऐकायचं की नाही ते साहेब ठरवणार. शुक्रवारपर्यंत कळेल."

करारातला शनिवार त्याच आठवड्यातला होता. ते चार दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचे, नाही वाजला तर सारखा उचलून बघायचे. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या उलट्या लावल्या. डोळे मिटले की तो न पाहिलेला साहेब माझ्या नावापुढं लिहिताना दिसायचा, ही बाई इथं राहत नाही. बुधवारी संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावला नाही. उभी राहून बोलले, होय, भांडलेच, "तुझ्या दारात आले म्हणून माझं दार बंद सापडलं. कशाला बोलावलंस मला डोंगरावर?" मग ह्यांनीच वात वळली, वेडीवाकडी, आणि दिवा लावला.

गुरुवारी माझ्यात भांडायचंही त्राण राहिलं नाही. मशीन बंद केलं, देव्हाऱ्यापुढं बसले आणि म्हटलं, बाबा, पाटल्या गेल्या तर जाऊ देत, घर नाही तर नाही, मला आता हे पेलत नाही, तू बघ. शांत वाटलं असं काही सांगणार नाही. भीती होती तेवढीच होती. पण त्या रात्री झोप मात्र लागली.

शुक्रवारी दुपारी मॅडमचा फोन आला. कर्ज मंजूर. मला खरं वाटेना. म्हटलं, "साहेबांनी परत माणूस पाठवलाच नाही की!" त्या म्हणाल्या, "गरजच पडली नाही. आता रिपोर्ट मला दिसतोय. रविवारचाच आहे, सगळं बरोबर. ओळख एका पंक्चरवाल्यानं दिलीय." त्यांनी नाव वाचून दाखवलं. मी ते नाव कधी ऐकलं नव्हतं.

शोधत गेले. आमच्या गल्लीपासून दोन रस्ते पलीकडं, टायर टांगलेलं छोटं दुकान. म्हातारे चाचा पाण्याच्या टपात ट्यूब बुडवून बसले होते. मी कोण ते सांगितलं तर हसायला लागले. "अहो वहिनी, मी काय केलं? त्याची गाडी पंक्चर झालती. कपाळाला आठ्या घालून बसलाता. म्हटलं, कुणाला हुडकताय पावणं? त्यानं तुमचं नाव सांगितलं, म्हणाला, त्या नावाची बाईच न्हाय म्हणत्यात. म्हटलं, न्हाय कशी? आमच्या घरात त्यांच्याच हातचे ब्लाऊज हायत. दर रविवारी पहाटं अनवाणी जात्यात माझ्या दारावरनं. आज डोंगरावर असणार, घरात कशा घावतील? दुकान तसंच टाकलं, त्याला घेऊन आलो. दुपारची गल्ली सगळी झोपलेली. तुमची शिलाईची पाटी दाखवली, फोटो काढला त्यानं. माझं नाव लिहून घेतलं. झालं."

"मग मला सांगायचं न्हाय व्हय चाचा?" मला रडू आवरेना.

"सोमवारी तुम्ही हितनंच रडत गेलासा. वाटलं, घरात कुणाचं काय बरंवाईट झालं. अशा वेळी बँकेचं कुठं काढायचं?"

मी तिथंच बाकड्यावर बसले. ज्या चालण्यामुळं माझं दार बंद सापडलं, त्याच चालण्यामुळं एका अनोळखी माणसाच्या डोळ्यांत माझी ओळख राहिली होती. आणि हे रविवारीच झालं होतं. मी डोंगरावर देवाला जे मागत होते, ते तेवढ्या वेळात खाली होऊन गेलं होतं. मग पुढचे चार दिवस मी झालेल्या कामासाठीच छाती बडवून घेतली. यात देव किती आणि पंक्चर किती, हे मी कुणाला पटवायला बसणार नाही. त्या चाचांच्या पायाला हात लावला, एवढं खरं. ते बिचारे लाजून मागं सरकले.

चौथ्या रविवारी आम्ही पुन्हा चालत गेलो. निघताना गल्लीला सगळं सांगून निघाले. अक्कांनी गालावर चापट्या मारून घेतल्या. वर गाभाऱ्यापुढं रांगेत पोचले, हात जोडले आणि काय मागावं तेच सुचेना. बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय मागितलंस आज?"

"काय न्हाय," मी म्हटलं. "नुसतं चांगभलं म्हणून आले."