विभूतीचा तारा

भवानी पेठेतल्या चष्मेवाल्या सिद्धलिंगप्पाच्या बायकोला, गुरम्माला, स्वतःच्याच घराची गच्ची बंद होती. चांगली चार वर्षं! वाळवणसुद्धा बिचारी अंगणात घालायची. आणि कारण काय, तर चिमूटभर विभूती.

सिद्धलिंगप्पाला आभाळाचं वेड. चष्म्याच्या काचा घासता घासता गड्यानं दुर्बिणीचा आरसाच घासून काढला होता. जेवण उरकलं की गच्चीवर जाऊन तो त्याच त्या ठरलेल्या दीर्घिका बघायचा. दीर्घिका म्हणजे लांबच्या ताऱ्यांची गावंच म्हणा ना. तिथला एखादा तारा मरताना असा भडकतो, की एकटाच साऱ्या गावाएवढा उजेड पाडतो. तो एकदा तरी डोळ्यांनी बघायचा, एवढाच त्याचा ध्यास.

एका दसऱ्याला गुरम्मानं घरातल्या हत्यारांबरोबर दुर्बिणीलाही विभूतीची तीन बोटं ओढली. दुसऱ्याच रात्री सिद्धलिंगप्पा "नवा तारा, नवा तारा!" ओरडत जिना उतरला आणि त्यानं अर्धी पेठ गच्चीवर नेली. शेजारच्या कापडवाल्या बसलिंगप्पानं डोळा लावायच्या भिंगावरून सहज उपरणं फिरवलं, आणि तारा गायब! विभूतीचा कण होता तो. लोक पोट धरधरून हसले. पुढं कितीतरी दिवस गिऱ्हाईक चष्मा घालून विचारायचं, "मालक, ह्यातनं विभूतीचा तारा दिसतो का?"

सिद्धलिंगप्पा बायकोवर ओरडला नाही. "परत वर येऊ नको," एवढंच म्हणाला. ओरडला असता तरी बरं झालं असतं, असं गुरम्माला वाटायचं.

मग बहात्तर सालचा मे उजाडला. एका रात्री ती भांडी घासत होती, तर हा दारात उभा.

"दुर्बिणीला हात लावलास?"

"सिद्धरामाची शपथ, न्हाय लावला. काय झालं?"

"वर चल," तो म्हणाला.

गुरम्मा राखेच्या हातांनीच निघाली, अर्ध्या जिन्यातनं परतली, साबणानं हात धुऊन आली. डोळा लावला. काळोखात एक धुरकट पुसटसा डाग, आणि त्याच्या अंगालाच एक बारीक, स्वच्छ ठिपका.

"ह्या ताऱ्यांच्या गावात तो ठिपका काल नव्हता. आता भिंग फिरवतो. घाण असली तर ठिपका संगं फिरंल."

त्यानं भिंग फिरवलं. ठिपका जागचा हलला नाही.

"हाय तितंच हाय की!"

"मग खराच हाय," तो म्हणाला. "हा तारा मेला तो आज न्हाय, गुरम्मा. लाखो वर्षं झाली. उजेड आत्ता पोचतोय."

"तवा आपलं सिद्धेश्वराचं तळं होतं?"

"तळं कुठलं! माणूसच नव्हता."

बघायला कुणी नसताना तो उजेड निघाला होता, आणि थेट तिच्या डोळ्यात येऊन उतरला होता. तिनं नकळत हात जोडले.

"कुणाला सांगू नको. हसतील," तो म्हणाला.

हे मात्र तिला सोसलं नाही. कठड्याशी जाऊन तिनं हाळी दिली, "ओ बसलिंगप्पा, या की वर! उपरणं घेऊन या!"

बसलिंगप्पा हसतच आला. भिंग पुसलं, डोळा लावला. परत पुसलं, खसाखसा. तिसऱ्यांदा डोळा लावला तो काढीचना. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "पुसंना की रं," असं काहीतरी पुटपुटला.

परदेशात कुणीतरी तो तारा आधीच पाहिला होता, हे मागाहून कळलं. सिद्धलिंगप्पाला त्याचं काही नव्हतं. पावसानं दडी मारली होती, आभाळ मोकळं होतं, नवराबायको रोज जोडीनं वर जायची. ठिपका मंद होत होत एका संध्याकाळी दिसेनासा झाला.

"लिंगैक्य झाला," गुरम्मा म्हणाली. घरातलं माणूस गेल्यावर म्हणतात, अगदी तसं.

दसरा आला. तिनं पाटावर हत्यारं मांडली, दुर्बीण सोडून. सिद्धलिंगप्पानं ती स्वतः खाली आणली, पाटावर ठेवली आणि विभूतीची वाटी तिच्यापुढं सरकवली.

"लाव," तो म्हणाला. "भिंगावर हात मी धरतो."