गाडीतून पाहिलेली शाळा

दिनकर साळवी गेला त्याला आता सहा आठवडे झाले. त्याच्या मुलीचा, अनुजाचा, फोन आला तेव्हा मी मिशिगनमधल्या नोव्हायच्या घरासमोरचा बर्फ काढत होतो. फावडं हातात तसंच धरून मी तिचं बोलणं ऐकलं. "काका, बाबा इज गॉन. झोपेतच... डॉक्टर म्हणाले, हार्ट." मी म्हणालो, "अगं, परवाच तर बोललो आम्ही." परवा तो माझ्याशी तासभर बोलला होता, आणि तेही एका शाळेबद्दल. पुढच्या आठवड्यात त्याच्या काउंटीत मीटिंग होती. ती जुनी शाळा संरक्षित वास्तूंच्या यादीत जाणार की रस्ता रुंद करायला पाडली जाणार, हे तिथे ठरायचं होतं. "फॉर्म दिला बघ," तो म्हणाला. "सगळं खरं लिहिलंय." ते मला अजिबात पसंत नव्हतं. मी त्याला मूर्ख म्हणालो आणि फोन ठेवला. चाळीसेक वर्षांच्या मैत्रीतलं माझं शेवटचं वाक्य हे असं झालं.

इंजिनिअरिंगला आम्ही होस्टेलच्या एका खोलीत राहिलो. तो चिपळूणचा, मी नागपूरचा. त्यामुळे तिखटापासून उन्हापर्यंत प्रत्येक गोष्टीवर वाद. अमेरिकेत आल्यावर मी सरळ गाड्यांच्या कारखान्यात चिकटलो आणि हा पठ्ठ्या गेला जॉर्जियातल्या एका आडगावच्या काउंटीत. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. कापूस, पाइनची झाडं आणि दर दोन मैलांवर एक चर्च. तिथल्या रस्तेखात्यात तो पूल बांधायचा. मराठी माणूस सोडा, कोथिंबीर मिळायची पंचाईत. कसा राहतोस रे, असं विचारलं की म्हणायचा, "माती लाल आहे. चिपळूणसारखी." कोकणातल्या माणसाला तेवढं कारण पुरतं.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत काउंटीने जुन्या इमारतींची नोंद करायची ठरवलं. साळव्याचा हात ड्रॉइंगला चांगला, म्हणून ते काम त्याच्या गळ्यात पडलं. त्याची पद्धत ठरलेली होती. गाडी हळूहळू चालवायची, रस्त्यावरूनच इमारत बघायची, भिंती कशाच्या, छप्पर कसलं, वापर काय, ते फॉर्मवर लिहायचं आणि पुढे जायचं. सगळीकडे असंच करतात, कारण प्रत्येक दारात उतरायला वेळ कुणाला असतो? त्या नोंदींवरून कोर्टाभोवतीचा चौक, विटांची दुकानं आणि उंच खांबांची पांढरी घरं संरक्षित झाली. रिटायर झाल्यावर तो त्या इमारतींच्या कमिटीवरच बसला. मी गेलो की मला दुकानादुकानासमोर उभं करायचा. मी म्हणायचो, "साळव्या, आपल्याकडे पाचशे वर्षांच्या भिंतीवर लोक पानाची पिचकारी मारतात, आणि तू या किराणा दुकानाला कुरवाळतोस." तो हसायचा आणि पुढच्या दुकानाकडे न्यायचा.

तीन वर्षांपूर्वी कमिटीकडे एक साधा अर्ज आला. रेल्वेलाइनच्या पलीकडचं एक पडकं गोदाम पाडून रस्ता रुंद करायचा होता. जुन्या नोंदीत ते शेतीचं गोदाम होतं, संरक्षित नव्हतं, त्यामुळे हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. एवढ्यात मागच्या बाकावरून एक म्हातारी काळी बाई उठली. तिला सगळे मिस अर्नेस्टीन म्हणतात. ती म्हणाली, "त्या गोदामात मी वाचायला शिकले. गोऱ्यांच्या शाळेत आम्हाला घेत नसत, तेव्हा आमच्या माणसांनी लाकडं आणून ती शाळा उभी केली होती." साळव्याने समोरची फाइल उघडली. 'शेतीचं गोदाम, पडीक.' अक्षर त्याचंच होतं. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "मी गाडीतून उतरलो नव्हतो रे."

पुढल्याच महिन्यात मी गेलो तेव्हा तो मला तिकडे घेऊन गेला. गाडी थांबवली, ट्रंकमधून, म्हणजे आपल्या डिकीतून, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट काढले, पायात चढवले आणि चिखलातून चालू लागला. हे बूट नवीन होते. मिस अर्नेस्टीनचं घर शाळेला लागूनच आहे. ती किल्ली घेऊन आली. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, आत गवताचे गठ्ठे. बाहेरून बघणारा गोदामच म्हणाला असता, असं मी साळव्याला म्हणालोही. त्याने मला हाताला धरून एका भिंतीशी नेलं. तिथे ओळीने लाकडी खुंट्या होत्या, माझ्या कमरेच्याही खाली. "गोदामाला इतक्या खाली खुंट्या कशाला असतील?" तो म्हणाला. मुलांचे कोट टांगायचे तिथे.

बाहेर आल्यावर मिस अर्नेस्टीनने त्याला सरळ विचारलं, "तेव्हा उतरला का नाहीत?" तो काहीतरी सबब सांगेल असं मला वाटलं. त्या दिवशी तो एकटा होता, 'आत येऊ नये' अशी पाटी होती, कुत्रा भुंकत होता, आणि सावळ्या परक्या माणसाने कुणाच्या जमिनीत पाय टाकला की काय होतं याच्या गोष्टी त्याने ऐकल्या होत्या. त्याने एवढंच सांगितलं, "घाबरलो होतो." ती खो खो हसायला लागली. "अहो, ती पाटी आम्हीच लावली होती! फाटकाशी सरकारी गाडी उभी, आत बसून कुणीतरी काहीतरी लिहितोय... आता जमीन घेतात म्हणून माझ्या आईने दार लावून घेतलं. मी पडद्याआडून बघत होते." साळव्याही हसला, पण डोळे पुसत. मला वाटतं, त्या हसण्यानेच त्याला जास्त लागलं.

त्यानंतरची तीन वर्षं त्याने त्या शाळेला दिली. मापं घेतली, नकाशे काढले, शिकून गेलेल्यांना शोधून बोलतं केलं. शेवटी एक अडचण उरली. आधीची नोंद चुकीची का झाली, ते फॉर्मवर लिहावं लागतं. कमिटीतले लोक भले, ते म्हणाले, कारकुनी चूक म्हणा आणि सोडून द्या. साळव्या ऐकेना. मी फोनवर चिडलो, "तुझ्याच हाताने स्वतःच्या नावाला काळं फासलंस? कशासाठी?" तो म्हणाला, "कारकून त्या दिवशी तिथे नव्हताच ना. मी होतो." मी त्याला मूर्ख म्हणालो ते यावरच.

अंत्यविधीला मी जॉर्जियाला गेलो, आणि त्यानंतर चार दिवसांनी मीटिंग होती. अनुजा टेक्सासमधल्या फ्रिस्कोला, तिच्या घरी, परत जाणार होती, ती थांबली. तिथल्या रिवाजाप्रमाणे अर्ज करणाऱ्याने तो स्वतः वाचायचा असतो. ते काम तिच्यावर आलं. तिने वाचलं, "पहिली पाहणी मी केली. मी गाडीतून उतरलो नाही, कारण मला भीती वाटली. इमारत नीट पाहिली नाही. चूक माझी आहे." मग मराठीत, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "काका, बाबांनी हे मला कधी सांगितलंच नाही." हात वर झाले. एकही विरोधात नव्हता; शाळा यादीत गेली. मिस अर्नेस्टीन बसल्या जागी मान खाली घालून होती.

विमानतळावर जायच्या आधी मी एकटाच भाड्याची गाडी घेऊन शाळेकडे गेलो. फाटकाशी थांबलो. कुत्रा आला, भुंकायला लागला आणि खोटं कशाला सांगू, मी काचा वर करून आत बसून राहिलो. मिस अर्नेस्टीन ओसरीवर आली आणि ओरडली, "उतरा हो! तुमचा मित्र बूट घालायचा आणि कुत्र्याशी बोलायचा."

"कुठल्या भाषेत?" मी काच थोडी खाली करून विचारलं.

"तुमच्याच असणार. मला कळायची नाही. कुत्र्याला कळायची."

बूट माझ्याकडे होते. अनुजाने घर आवरताना ते मला दिले होते, "तुम्हीच ठेवा, काका." आता ते नोव्हायला माझ्या गाडीच्या ट्रंकमध्ये असतात. तळव्यांना लाल माती आहे, ती मी धुतलेली नाही. साळव्याचा पाय माझ्यापेक्षा एक नंबर मोठा. त्या दिवशी मी बॅगेतून मोज्यांचा दुसरा जोड काढला, पहिल्यावर चढवला, बूट घातले आणि दार उघडून त्या कुत्र्याला म्हणालो, "काय रे बाबा, ओळखलंस का?"