दिघीच्या मिस्त्रींची माती

माती तपासायच्या धंद्यात पडल्यापासून मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही. चाकणला माझी छोटीशी प्रयोगशाळा आहे. लोक पिशवी टेबलावर ठेवतात आणि पहिलंच वाक्य खोटं बोलतात. चऱ्होलीचे एक गृहस्थ तर शेजाऱ्याच्या मळ्यातली काळीभोर माती आपली म्हणून घेऊन आले होते. बाई गं, मातीसुद्धा उसनी!

दिघीच्या मिस्त्रींची गोष्ट वेगळी. माझी स्कूटर वर्षानुवर्षं त्यांच्याच गॅरेजात जाते. घराणं मूळचं राजस्थानातलं, पार वाळवंटातलं. मिस्त्री मात्र इथेच वाढलेले, मराठी माझ्यापेक्षा चोख. एकच थोरले भाऊ, ते तिकडे जमीन धरून बसलेले. आता तिथे कालव्याचं पाणी आलं होतं आणि भावांनी धोशा लावला होता, गॅरेज बंद कर, बायकोमुलांना घेऊन ये, दोघं मिळून जिरं लावू. आधी माती तपासून घेतो, असं मिस्त्री म्हणाले. भावांनी पिशवी पाठवली आणि मिस्त्रींनी ती माझ्याकडे आणली. चालतं गॅरेज आणि अख्खं बिऱ्हाड त्या पिशवीवर टांगलेलं होतं. जाता जाता त्यांनी दोनदा विचारलं, खारट निघेल ना? तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आम्ही माती कागदावर पसरतो, चार भाग करतो, समोरासमोरचे दोन ठेवतो, दोन टाकून देतो. त्या दिवशी टाकायचे भागही तपासले, कारण मातीत काहीतरी चमकत होतं. एक भाग जहर खारट, दुसरा जवळजवळ गोडा. एकाच पिशवीत असं होतं होय? मी भिंग लावलं. वाळवंटातलं मीठ मळकट असतं, मातीला पापुद्र्यासारखं धरून असतं. हे सुटं, पांढरंशुभ्र, पोह्यांवर भुरभुरावं तसलं.

आता हे कुणाचं काम? भावांना तर मिस्त्री यायला हवे होते, ते कशाला माती बिघडवतील? राहिली मिस्त्रींची बायको. मुलगी पिंपरीत कॉलेजला, मग आईला कशाला जायचंय तिकडे? पिशवी मुक्कामाला होती यांच्याच घरात. मी त्या बाईंना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. मग पिशवीवरच्या नंबरवर भावांना फोन केला आणि शेतात जागोजागी वीतभर खणून घेतलेली माती थेट माझ्याकडे मागवली. ती आली. रेताड, गरीब माती, पण खारटपणाचं नाव नाही. पाणी दिलं तर जिरं नक्की येणार.

मिस्त्रींना बोलावून घेतलं. म्हटलं, "मिस्त्री, जरा घरात विचारा. तुमच्या मातीत कुणीतरी पुड्यातलं मीठ घातलंय."

हात स्वच्छ होते, तरी ते फडक्याला पुसत बसले.

"तिला काही बोलू नका ताई. मीच घातलंय."

वडील गेल्यावर याच भावांनी त्यांना वाढवलं होतं. भाईजानना नाही म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती. तुमच्या कागदाने नाही म्हटलं असतं तर कुणाचंच मन दुखलं नसतं, असं म्हणाले. मी जाम भडकले. मातीत जे आहे तेच मी लिहिणार, तुमचं 'नाही' तुमच्या तोंडाने म्हणा, असं तोंडावर सुनावलं. त्यांनी तिथेच बसून भावांना फोन लावला.

मारवाडी बोलणं मला फारसं कळलं नाही. मिस्त्री थोडंच बोलले. फोन ठेवल्यावर मी विचारलं, रागावले का?

"नाही. एवढंच म्हणाले, मग मी ही जमीन कुणासाठी धरून बसलोय?"

मी चहा सांगितला, पण ते थांबले नाहीत. 'जिऱ्यासाठी योग्य' असं लिहिलेला कागद टेबलावर तसाच ठेवून गेले.