चौकशीकाकूंचा शेवटचा प्रश्न

चौकशीकाकू ज्या घरची चौकशी करायला जात, त्या घरात आधी मुळीच पाऊल टाकत नसत. त्या जात गावच्या चक्कीवर. पिशवीत उगाच थोडे गहू घेतलेले असत. दळण होईपर्यंत बाकड्यावर बसायचं आणि त्या घरचं दळण घेऊन कोण येतं ते बघायचं. सून आली तर ती चार बायकांशी बोलते का, की मान खाली घालून डबा उचलते. चक्कीनंतर किराणा दुकान, मग एसटीचा थांबा. "पुढच्या दारानं गेलं का चहा-पोहे भेटते," त्या म्हणायच्या, "अन् मंग त्यायच्या पोह्यायले नावं ठेवाची लाज वाटते."

पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात त्यांचं घर आमच्या घरापासून दोन घरं सोडून होतं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि अतिशय अबोल, त्यामुळे दोघांचं मिळून बोलायचं काम काकूंकडे होतं. लग्नं जुळवून द्यायचा त्यांना नाद होता. त्यासाठी त्यांनी कधी कुणाकडून साडीसुद्धा घेतली नाही. साडी घेतली की खरं बोलायला जड जातं, असं त्यांचं म्हणणं. मुलींचे फोटो त्यांच्या लोखंडी कपाटात असत आणि कपाटाची किल्ली कमरेला. लग्नाची सुपारी फुटली की मुलीला बोलावून फोटो तिच्याच हातात परत द्यायचा, आईबापांच्या नाही, हा त्यांचा नियम होता.

आणि लग्न लावून दिलं म्हणजे सुटलो, असं त्यांनी कधी मानलं नाही. पाच-सहा महिन्यांनी त्या न कळवता मुलीच्या सासरी जाऊन टपकत. एकदा मला "केळझरच्या गणपतीले चाल" म्हणून सोबत नेलं. दर्शन झाल्यावर गाडी वळली ती आमच्याच गल्लीतल्या एका मुलीच्या सासरी. तिथे काकूंनी आधी खालच्या पानटपरीवर विचारपूस केली, मग वर जाऊन पाणी मागितलं, पाणी कोण आणतं ते पाहिलं, बोलता बोलता भाजीच्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण उचलून आत डोकावलं. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मुलगी मात्र काकूंना सोडायला थेट रस्त्यापर्यंत आली आणि हसत होती.

काकूंचे प्रश्न ठरलेले असत. घरात खाणं-पिणं कसं, बोलणं-चालणं कसं, घरातलं बाहेर सांगत फिरतात का. पण शेवटचा प्रश्न त्या कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारायच्या. त्या घरून सुनेला वाटेल तेव्हा माहेरी येता येतं का? त्यांच्या धाकट्या बहिणीला फार मोठ्या घरी दिलं होतं. सगळं पाहिलं होतं म्हणे, हे तेवढं कुणी विचारलं नव्हतं. ती माहेरी आली ती अंथरुणाला खिळल्यावरच. काकूंनी हे मला एकदाच सांगितलं, शेंगा निवडता निवडता, आणि पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

गेल्या महिन्यात मी नवा लॅपटॉप घेतला. दुकानातला मुलगा ॲन्टिव्हायरसचे गुण गाऊ लागला. मी त्याला विचारलं, उद्या काढून टाकायचा म्हटलं तर हा निघतो का? तो हसला. म्हणाला, मॅडम, आत घ्यायच्या आधीच काढायचं कोण विचारतं? तेव्हापासून काकू माझ्या डोक्यातून जायला तयार नाहीत. कारण हा प्रश्न त्यांचा आहे आणि त्यांनी तो मला शिकवला, तोही ॲन्टिव्हायरस घेतानाच.

झालं असं की काकूंच्या मुलाने हैदराबादला जाताना आपला कॉम्प्युटर घरीच ठेवला आणि आईची सोय म्हणून सगळे फोटो, सगळे बायोडेटा त्यात भरून दिले. काकू शिकल्याही भराभर. पण एक गोष्ट त्यांना कायम खुपायची. कपाटाला किल्ली होती, याची किल्ली कुठे आहे? पासवर्ड आहे ना, मी म्हणायचे. पासवर्ड काय, कानात सांगितला की गेला, असं म्हणून त्या स्क्रीनवर फुलाफुलांचा रुमाल झाकून ठेवत.

त्या कॉम्प्युटरमध्ये माझाही फोटो होता. आईने दिलेला, मला न विचारता. मी तेव्हा वर्ध्याच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत नुकतीच लागले होते आणि पुलगावहून रोज जाऊन-येऊन करत होते. लग्न मला करायचं नव्हतं. कुणी मनात होतं म्हणून नाही आणि कुणी दुखावलं होतं म्हणूनही नाही. मला एकटीने राहायला आवडलं असतं, एवढंच. पण "एवढंच" हे कारण आमच्याकडे कुणाच्या गळी उतरत नाही. आई ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी नवं स्थळ घेऊन यायची. माझा फोटो पिवळ्या साडीतला होता, त्यात मी उधार आणल्यासारखी हसत होते, आणि तो कुणाकुणाच्या घरात कोण कोण बघतंय या विचाराने माझं डोकं फिरायचं.

एके दिवशी एक वरपिता आपल्या मुलाचा बायोडेटा पेन ड्राइव्हमध्ये घेऊन आले. काकूंनी तो लावला, पाहिला, चहा दिला. ते गेल्यावर कॉम्प्युटर पुन्हा उघडला, तर सगळ्या फोल्डरांच्या जागी बाणाची खूण असलेली खोटी चित्रं. त्यांवर क्लिक केलं की काहीच उघडेना. काकूंनी मला हाक मारली. खरं सांगते, ते बघून पहिल्यांदा मला गुदगुल्या झाल्या. गेला एकदाचा पिवळ्या साडीतला फोटो. मग मी काकूंकडे पाहिलं. त्या जमिनीवर बसल्या होत्या.

"लोकायच्या पोरी हायेत त्याच्यात," त्या म्हणाल्या. "कोणाच्या घरी गेल्या असतीन माय."

त्या दिवशी त्यांनी घास घेतला नाही. पुलगावच्या कॉम्प्युटरवाल्या प्रमोदला बोलावलं. त्याने थोडी खटपट केली आणि सगळे फोटो परत दिसायला लागले. फोटो कुठेही गेले नव्हते, व्हायरसने नुसते लपवले होते. पण काकूंचा त्या मशीनवरचा विश्वास उडाला. आता घराला राखणदार पाहिजे, त्यांनी ठरवलं. प्रमोदने दुकानातून ॲन्टिव्हायरसचा एक लाल डबा आणि एक हिरवा डबा आणून दाखवला, शिवाय इंटरनेटवर एक फुकटातलाही मिळतो म्हणाला. मग लाल डब्यावर थाप मारून म्हणाला, काकू, डोळे मिटून घ्या. काकू म्हणाल्या, "डोळे मिटून मी वांगेबी नाई घेत."

मी लायब्ररीतून ॲन्टिव्हायरसची तुलना करणारे तक्ते छापून आणले. उभे-आडवे रकाने, बरोबरच्या खुणा, फुल्या. प्रत्येक तक्त्यात पहिला नंबर वेगळ्याचा. काकूंनी ते नीट पाहिले आणि हे लिहिणाऱ्याच्या घरी यातला कोणता नांदतो ते विचारलं. मला काय माहीत? मग त्यांनी कागदांची घडी घातली. "पोराच्या मामाले पोराचं विचारून काय फायदा? ज्याच्या घरी हाये त्याले विचारू. काढ तुयी स्कूटी."

आणि आम्ही खरोखर निघालो. आधी पुलगावातला फोटो स्टुडिओ, कारण तिथे लाल होता. काकूंनी चक्कीवर बसावं तसं तिथे बाकड्यावर बसून घेतलं. पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक ताटकळलंय आणि कॉम्प्युटर नुसता घुरघुरतोय, हे त्यांनी स्वतः पाहिलं. स्टुडिओवाला म्हणाला, राखण चांगली करतो, पण मशीनचा जीव खातो. मग काकूंनी आवाज खाली घेऊन शेवटचा प्रश्न विचारला, काढायचा म्हटलं तर निघतो का? स्टुडिओवाल्याने कपाळाला हात लावला. मागच्या उन्हाळ्यात त्याने काढायला घेतला होता. वरून गेला, पण आत त्याचे तुकडे राहिले आणि दुसरा बसूच देईनात. शेवटी सगळा कॉम्प्युटर पुसून काढावा लागला. काकू ताडकन उठल्या. लाल तिथेच बाद झाला.

फुकटवाला देवळीला एका ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याकडे होता. आम्ही उभ्या होतो तेवढ्यात त्या ॲन्टिव्हायरसने स्क्रीनच्या कोपऱ्यात डोकं वर काढून पैसे भरा, जास्त सुरक्षित व्हा, असा उपदेश केला. हा रोजच असा मागतो का, काकूंनी विचारलं. रोज, फॉर्मवाला म्हणाला. आणि घरातलं बाहेर सांगतो का? त्यावर तो गडबडला. कुणास ठाऊक, म्हणाला, फुकट देतात म्हणजे कुठूनतरी वसूल करत असतील. काकूंनी त्याला पाणी मागितलं, प्यायल्या आणि आम्ही निघालो.

देवळीच्या स्टँडवर आलुबोंडा खाताना काकूंनी एकदम विषय काढला. आवाज तोच, चक्कीवरचा.

"तुया फोटो लय दिवसापासून पडून हाये. दोन चांगले स्थळं आले, तू खोट काढली. काऊन?"

"मले लग्नच नाई कराचं, काकू."

कुणी आहे का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. आईला सांगितलं का? सांगितलं, ऐकत नाही. मग मला वाटलं आता व्याख्यान सुरू होणार. पण काकूंनी विचारलं, राहशील कुठे? आजारी पडलीस तर दार कोण उघडेल? एकटीसाठी रोज रांधशील की डबा लावशील? मी एकेक उत्तर देत गेले. काही उत्तरं माझ्याकडे होती, काही नव्हती. नव्हती तिथे माहीत नाही म्हटलं. आलुबोंड्यासोबतची मिरची संपवून त्या उठल्या आणि म्हणाल्या, चाल, हिरवा राह्यला.

हिरवा पुलगावच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात होता. तिथल्या नर्सताईंनी सांगितलं की तो आहे हे कळतसुद्धा नाही. औषध कंपनीचा माणूस पेन ड्राइव्ह घेऊन आला तेव्हा मात्र उघडायच्या आधीच ओरडला. घरातलं बाहेर जात असल्याचं कधी दिसलं नाही. आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटर बदलला तेव्हा जुन्यातून मुकाट निघाला, नव्यात बसला. काकूंच्या चेहऱ्यावर मुलगा पसंत पडल्याची कळा आली. दुसऱ्या दिवशी प्रमोदने हिरवा बसवून दिला.

पहिली तपासणी आम्ही दोघी बसून पाहिली. स्क्रीनवर एकेका फोटोचं नाव सरकत होतं, एकेक मुलगी तपासून पुढे जात होती. सगळं स्वच्छ निघालं. काकूंनी लांब श्वास सोडला आणि मला म्हणाल्या, "आता तुया काढ."

मला कळलंच नाही. सुपारी फुटल्याशिवाय फोटो परत देत नाही, हा त्यांचाच नियम. मी तसं बोलूनही दाखवलं.

"जिचा फोटो हाये तिले ठेवाचा नसंन, तं मी कोण ठेवणारी?" त्या म्हणाल्या. "पूस."

मी फोटो पुसला. तो कचऱ्याच्या डब्यात जातो हे त्यांना ठाऊक होतं. तिथून परत येते का, त्यांनी विचारलं. येऊ शकतो, मी म्हटलं. मंग तिथूनबी काढ. मी डबा रिकामा केला आणि मला रडूच फुटलं. काकूंनी स्क्रीनवर रुमाल टाकला आणि आत जाऊन माझ्यासाठी कोथिंबिरीची सांबारवडी तळायला घेतली.

आईला हे कळलं तेव्हा तिने काकूंशी बोलणं टाकलं. दोन घरांचं अंतर, पण आई दारात आली की मान फिरवायची. काकूंनी एका शब्दाने वाद घातला नाही. पुढे मी वर्ध्याला लागून बोरगाव मेघेला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आई सामान लावायलासुद्धा आली नाही.

सहाएक महिन्यांनी एका रविवारी दार वाजलं. दारात काकू, हातात वांग्यांची पिशवी. इकडे एका बारशाला आले होते म्हणाल्या. बारसं कुणाचं, ते काही सांगता येईना. पाणी मागितलं. गंजाचं झाकण उचलून डाळ पाहिली. खिडकीतून बाहेर पाहिलं, पलंगावर बसून पाहिलं. जाताना लॅपटॉपकडे बोट करून विचारलं, यात हिरवाच ना? मी हो म्हटलं. त्यानंतर पंधरा दिवसांत आईने येणाऱ्या माणसाबरोबर लिंबाचं लोणचं पाठवलं. बरणी लहान होती, एकटीला पुरेल एवढी. मला वाटलं, आईचा राग आपोआप निवळला असेल.

पुढे व्हॉट्सॲप आलं आणि लोकांच्या मुलींचे फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर उडू लागले. काकूंकडे येणारे कमी झाले. एकदा त्यांनी मला बोलावून उरलेले सगळे फोटो पुसून घेतले, प्रत्येक मुलीला आधी फोन करून. मग हिरवाही काढायला लावला. तो खरोखर मुकाट निघाला. "पाह्य," त्या म्हणाल्या, "चौकशी चुकली नाई आपली."

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या अंगणात बसलो होतो. आई माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, तुझ्या खोलीवरून आली ना ही त्या रविवारी, ती एसटीतून उतरून घरी नाही गेली. थेट माझ्याकडे आली. मी बोलत नव्हते तरी ओट्यावर बसली. तुझ्या खालच्या किराणावाल्याला विचारलं म्हणाली, शेजारणीला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. मग तुला काय म्हणाली, मी विचारलं.

आईने पदर तोंडाशी धरला आणि काकूंच्याच आवाजात सांगितलं, "तुयी पोरगी सुखात नांदून राह्यली, बाई. मी पुरी चौकशी केली. अन् दार तिच्याच हाती हाये, वाटंन तवा येते, वाटंन तवा जाते. याच्यापेक्षा चांगलं घर मले अजून कोणत्याच पोरीसाठी नाई भेटलं."