ट्राम स्टॉपवरच्या वकीलबाई

लंडनमधल्या क्रॉयडनच्या ट्राम स्टॉपवर त्या मला रोज सकाळी भेटतात. त्या सरकारी वकील आहेत. शिक्षा झालेला कैदी आपण निर्दोष असल्याचं सांगू लागला, की तो जुना खटला पुन्हा तपासणं हे त्यांचं काम. 'नक्की' हा शब्द त्यांच्या बोलण्यात नसतो. ट्राम आत्ताच गेली म्हटलं, तर विचारतात, "तुम्ही पाहिलीत, की कुणी सांगितलं?"

"अहो, मी काय साक्षीदार आहे का?"

"साक्षीदारही असेच चिडतात."

फाइल हातात आली की त्या आधी बचावाची बाजू वाचतात. "आपली, म्हणजे सरकारची, बाजू आधी वाचली की ती पटतेच," असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी खुनाची शिक्षा भोगत असलेल्या एकाचा अर्ज आला. तो खटला त्यांनीच जिंकला होता, म्हणून नियमाप्रमाणे तो अर्ज सहकाऱ्याकडे गेला. त्याला त्या एवढंच म्हणाल्या, "माझं कोर्टातलं भाषण शेवटी वाच. आधी मयताचा शर्ट पुन्हा तपासायला पाठव." शर्टवरचा डीएनए दुसऱ्याच माणसाचा निघाला. तो माणूस सापडला, त्याने कबुलीही दिली. शिक्षा रद्द करताना कोर्ट इतकंच म्हणालं, की ती कायम ठेवणं सुरक्षित नाही; तो निर्दोष आहे, असं म्हणालं नाही.

"म्हणजे तो निर्दोष, की नुसता पुरावा कमी पडला?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्याने खून केला नव्हता. नक्की."

ट्राम आली. त्या बाकावरून उठल्या नाहीत.